बोर्ड होईपर्यंत

मी फौजेतून कायमचा घरी आलो तेव्हा माझी मुलगी नुकती बोलायला लागली होती. ती पडवीत बसून काहीतरी बडबडायची, शेजारच्या बायका हसायच्या, आणि मी घरापुढच्या खळ्यात उभा राहून त्यांच्या तोंडांकडे बघायचो. माझे कान गेले होते.

मी तोफखान्यात होतो. तोफेपाशी उभं राहून कान बसतात हे तिथे कुणाला नवीन नव्हतं. कापसाचे बोळे घालायचे, ते घामाने सुटून पडायचे. संध्याकाळी डोक्यात भुंगे गुणगुणायचे आणि सकाळपर्यंत गप्प व्हायचे. मग एका सरावाच्या दिवशी मी असायला हवं होतं त्याच्यापेक्षा पुढे, नळीच्या बाजूला होतो आणि गोळा सुटला. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. उजवा कान तिथेच संपला. डाव्यात थोडी धुगधुगी राहिली. भांडं आपटलं किंवा कुत्रं अगदी जवळ भुंकलं तर कळायचं. त्याच डाव्या कानातून पुढे पू यायला लागला. फौजेने काही महिने इस्पितळात ठेवलं आणि घरी पाठवलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. रत्नागिरीतून तोडून आमचा सिंधुदुर्ग वेगळा होत होता, सगळीकडे त्याचीच बोलणी चालली होती म्हणे. मला ती बोलणी कळली नाहीत. नवीन जिल्ह्यात आपण राहायला आलोत हे मला दुकानावरच्या बदललेल्या पाटीवरून समजलं.

आमचं गाव मालवणहून देवगडकडे जाताना लागतं, खाडी समुद्राला मिळते तिथे. थोरला भाऊ शेजारच्या घरात राहायचा. त्याची मासेमारीची होडी होती. मला वाटलं होतं, जाऊ भावाबरोबर समुद्रात. लहानपणी गेलो होतोच. पहिल्याच आठवड्यात तो खळ्यात आला, माझ्या समोर अगदी जवळ उभा राहिला आणि तोंड मोठं करून म्हणाला, "होडयेर हाक मारली तर तुका आयकाक येवची नाय. दोर सुटलो, लाट इली, तर मी काय करू, सांग?"

हे सांगताना त्याचेच डोळे भरले. मी म्हटलं, बरोबर आसा.

मी रापणीला जायला लागलो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागतात आणि पाय वाळूत रोवून मागे मागे सरकत ओढत राहतात. त्याला कान लागत नाहीत. पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघायचं, ती मागे आली की आपण मागे जायचं. माझा तेवढा वेळ बरा जायचा. जाळं वर आलं की माणसं माशांचे वाटे होईपर्यंत वाळूत बसून गजाली करायची, गप्पा मारायची. तिथे माझं काम नसायचं. पहिल्यांदा लोक माझ्या कानाशी येऊन ओरडायचे. मग हातवारे करायला लागले. पुढे पुढे मान हलवून ओळख देण्यापलीकडे कुणी काही करेनासं झालं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ओरडून ओरडून सांगावी अशी गजाल नसतेच.

या लिखाणात मी माणसांचं बोलणं लिहितोय. त्यातलं काही मी ओठांवरून वाचलेलं आहे, काही बायकोने फार नंतर सांगितलं. मालवणी मला ओठांवर लगेच कळायची. शुद्ध मराठीत बोलणारा माणूस असला की निम्मं सुटायचं.

पूर्ण नोकरीच्या पेन्शनीला लागतात तितकी वर्षं माझी भरली नव्हती. जे काही मिळत होतं ते कानामुळे. गावात तिला कानाची पेन्शन म्हणायचे. ती आली नसती तर आमचं काय झालं असतं ते मला माहीत आहे, कारण आमच्या वाडीत तशी दोन-तीन घरं होती. तिच्यावर तांदूळ येत होता, मुलीच्या अंगावर धड कपडे होते, तिला ताप आला की बायको कुणाकडे हात न पसरता तिला डॉक्टरकडे नेत होती. पण ती पेन्शन कायमची नव्हती. दोन वर्षांसाठी दिली होती. मग घाटावरच्या लष्करी इस्पितळात डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभं राहायचं, ते कान तपासणार आणि पुढचं ठरवणार. कान सुधारले असं त्यांना वाटलं तर ती कमी होईल किंवा थांबेल.

महिन्याकाठी मिलिटरीची एक गाडी कॅन्टीनचं सामान घेऊन कुडाळला यायची. साबण, चहा, रम. जिल्हाभरचे जुने फौजी त्या दिवशी तिथे जमायचे. तिथेच मला वालावलचा हवालदार भेटला. माझ्याहून बराच मोठा, अंगाने आडवा, एका पायाने लंगडत चालणारा. त्याच्या पोटरीत जुन्या लढाईतला लोखंडाचा तुकडा राहिला होता आणि ती जखम भरायची, पुन्हा फुटायची. त्यावर तो धोतराची पट्टी गुंडाळून वर पँट घालायचा. माझ्या बहिरेपणाची त्याला अडचण वाटली नाही. तो समोर बसायचा, चेहरा उजेडाकडे करायचा आणि सावकाश, एकेक शब्द चावून बोलायचा. मधे मधे फौजेतलं हिंदी. इतक्या महिन्यांत माझ्याशी नीट बोललेला तो पहिला माणूस. पुढे मी सामानासाठी नव्हे, त्याच्यासाठीच कुडाळला जायला लागलो. बायको म्हणायची, साबण घरात पडून आहे, कशाला जाता? मी जायचो.

एकदा चहा पिताना त्याने माझ्या कानातला कापूस बघितला आणि विचारलं, "औषध घालतस?"

"थेंब घालतंय. आमच्या थयल्या डॉक्टरान दिल्यान."

त्याने कपबशी खाली ठेवली. "बोर्ड कधी?"

"पुढल्या वर्सा."

"मगे बंद कर. बोर्ड होयसर कानात कायएक घालू नको. आणि ता मशीन मिळता ना आयकाचा, ता तर हातात पण घेव नको. आयकाक येता म्हटलंस की झाला. पेन्शन खतम."

त्याने तळहात आडवा फिरवला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याचं बोर्ड होऊन त्याची पेन्शन आयुष्यभराची झाली होती, म्हणजे त्याला माहीत असणारच. शिवाय माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता.

घरी जाऊन मी थेंबांची बाटली फळीवर मागे सरकवली. बायकोने बघितलं. तिने हाताने विचारलं, काय? मी सांगितलं. ती पेन्शनीच्या भीतीने गप्प बसली. मशीनचं डॉक्टरने तिला आधीच सुचवलं होतं, त्याबद्दल तिने एक-दोनदा विषय काढला. मी बोर्ड होऊ दे म्हणालो.

पू वाढला. त्याला वास यायचा. उशीचा अभ्रा रोज बदलावा लागे आणि तो धुवायला दुसऱ्या कपड्यांबरोबर टाकता येत नसे. मी आपणहून पडवीत झोपायला गेलो. मुलगी मांडीवर बसायला आली की मी मान फिरवायचो, मग ती यायची थांबली. जेवताना मी ओट्याच्या टोकाला बसायचो. कुणी मला तिथे बसायला सांगितलं नव्हतं.

बोर्डाला गेलो. त्या खोलीची अर्धी भिंत हिरव्या ऑइलपेंटची होती. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एका शिपायाने माझा एक कान बोटाने बंद केला आणि पाठीमागे लांब उभे राहून डॉक्टर शब्द बोलणार, मी ते परत म्हणायचे. ओठ दिसू नयेत म्हणून ही तऱ्हा. मी उभा राहिलो. भिंतीवर रंगाचा एक ओघळ वाळून राहिला होता, त्याच्याकडे बघत राहिलो. डॉक्टर बोलायला लागले आहेत की अजून कागद चाळताहेत हे मला कळत नव्हतं. मग खांद्यावर हात पडला. मी वळलो आणि विचारलं, "सुरू करायचं?" शिपायाने मान हलवली. झालं होतं.

पेन्शन पुढे चालू राहिली, पुन्हा काही वर्षांसाठीच. हवालदाराला सांगितलं तर तो खूष झाला. "बघ, सांगलंय नव्हता तुका?" आणि म्हणाला, आता पुढल्या बोर्डापर्यंत तसाच राहा.

मी राहिलो. त्या वर्षांत काय काय झालं ते मला दिसलं, ऐकू आलं नाही. मुलगी शाळेत जायला लागली. तिच्या एका दाताला दुसरा दात चिकटून आला. बायको कधी कधी चुलीपाशी कंबरेवर हात ठेवून बराच वेळ वाकून उभी राहायची. मला वाटायचं, धुराने डोळे चुरचुरले असतील. घरात मायलेकी एकमेकींशी बोलत असायच्या, मी आलो की थांबायच्या आणि हातांनी सांगायच्या: जेवण, पाणी, भाऊ आलाय. त्यांनी हातांची एक भाषाच केली होती. तिच्यात गरजेपुरते शब्द होते. आज बाजारात काय झालं हे सांगण्यासाठी तिच्यात काही नव्हतं.

एके सकाळी रापण ओढताना मला भोवळ आली. आधी दोन दिवस अंगात कणकण होती आणि कानामागे सुजून लाल झालं होतं, पण ते मी पागोट्यासारखं फडकं बांधून झाकलं होतं. पुढची पाठ मागे आली, मी मागे सरकायच्या ऐवजी आडवा पडलो. दोर माझ्या अंगावरून ओढला जात होता. लोक ओरडत होते म्हणे, ऊठ, बाजूला हो. शेवटी जवळच होडी लावत असलेल्या भावाने पाण्यातून धावत येऊन मला काखेत धरून ओढलं.

बायकोने त्या दिवशी मला काही विचारलं नाही. मुलीला भावाच्या घरी ठेवलं, पैसे कमरेला बांधले आणि एसटीत घालून मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई डॉक्टरांनी कानामागे बोट लावलं तसा मी ओरडलो. त्यांनी बायकोला विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" ती म्हणाली, "पेन्शनीचा बोर्ड होवचा होता." बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी घाटावरच्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी दिली आणि आजच जा म्हणाल्या. पू हाडात शिरला होता. अजून थोडा थांबला असता तर मेंदूकडे गेला असता.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा डोकं फडक्यांनी बांधलेलं होतं आणि खिडकीशी बायको भिंतीला टेकून झोपली होती. ऑपरेशन करणारे डॉक्टर देशावरचे होते, तरणे, मराठी बोलणारे. दोन दिवसांनी ते माझ्या खाटेवर समोर बसले. मला नीट कळावं म्हणून हळू बोलत होते.

"तुमच्याच गावात डॉक्टर होते. औषधही मिळत होतं. मग का नाही घातलंत?"

मी त्यांना हवालदाराचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत.

"कान वाहतो हा एक आजार," ते म्हणाले आणि एक बोट वर केलं. "ऐकू येत नाही हा दुसरा. तोफेने तुमची नस मेली आहे. ती कुठल्या थेंबांनी परत येत नसते. थेंबांनी नुसता पू थांबला असता. तुमची पेन्शन होती तिथेच राहिली असती."

"आणि मशीन?"

"बोर्डात मशीन काढूनच कान बघतात. चष्मा लावला म्हणून डोळे बरे झाले असं कुणी म्हणतं का?"

ते उठून पुढच्या खाटेकडे गेले. मला त्यांचं म्हणणं पुरतं कळलं होतं, तरी मी बायकोला जवळ बोलावून विचारलं, ते काय म्हणाले? तिने सगळं ऐकलं होतं. तिने तोंडावर पदर घेतला आणि मान दुसरीकडे वळवली. मी छताच्या पंख्याकडे बघत पडलो. कसलं दुःख करावं तेही समजत नव्हतं. वर्षं गेली होती, ती कुणी माझ्याकडून हिसकावून घेतली नव्हती.

पुढचं बोर्ड झालं, त्यात पेन्शन आयुष्यभराची केली. कारकुनाने मला कळावं म्हणून हात खांद्यापासून लांबवर, खिडकीबाहेर नेला. म्हणजे शेवटपर्यंत. त्याच खेपेला मला मशीन मिळालं. सिगरेटच्या पाकिटाएवढी पेटी, ती सदऱ्याच्या खिशात ठेवायची, तिच्यातून वायर वर येते आणि टोकाचं बोंड डाव्या कानात. आत लहान सेल.

मालवणला एसटीतून उतरलो तर एक ओळखीचा दुकानदार हात करत आला. किती तरी वर्षांनी मला ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकू आला, आणि तो असा होता: "स्कोअर कितको झालो?" त्याला वाटलं खिशात ट्रान्झिस्टर आहे. त्या आठवड्यात आणखी तिघा-चौघांनी मला स्कोअर विचारला. मी सांगून टाकायचो काहीतरी.

घरी आलो. मशीनमधून सगळंच पत्र्यासारखं यायचं. माडाच्या झावळ्या, कोंबड्या, कळशी खाली ठेवल्याचा आवाज, सगळे एकाच उंचीचे. पण मुलीचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो, तरी तिचा आवाज ओळखला. ती आतल्या खोलीत आईला शाळेतलं काहीतरी सांगत होती, बाईंनी कुणाला तरी बाकावर उभं केलं होतं. आवाज थोडा घोगरा होता. मी दारातच उभा राहिलो. तिने मला बघितलं आणि लगेच बोलणं थांबवून हाताने विचारलं, जेवणार?

मी म्हटलं, "बोल, बाय. माका आयकाक येता आता."

ती आईकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "काय बोलू?"

तिला खरंच सुचत नव्हतं. बायकोलाही सुचत नव्हतं. मी तिला रात्रीच्या जेवणानंतर म्हटलं की आता काही अडचण नाही, तू बोल, मी ऐकतो. ती भांडी आवरत होती. म्हणाली, "कितक्या वर्सांचा बोलूचा रवला. आता खंयसून सुरू करू?" आणि भांडी घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली. कानात मशीन होतं, पू थांबला होता, मी पडवीतून पुन्हा आत झोपायला आलो होतो, आणि घर होतं तसंच गप्प होतं. खरं सांगायचं तर आधीपेक्षा जास्त. आधी मला ते गप्प असल्याचं ऐकू येत नव्हतं.

मला बोलायला माणूस हवं होतं. मी वालावलला गेलो.

हवालदाराचं घर देवळाजवळच्या तळ्यापासून थोडं आत होतं. बायको वारलेली, पुतण्याच्या घरात एका खोलीत तो राहायचा. तो पायरीवर पाय लांब करून बसला होता. मला बघून हसला आणि तेवढ्यात त्याची नजर वायरीवर गेली.

"काढ आधी ता," तो म्हणाला. "कोणी बघल्यान तर?"

त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. एवढ्या दांडग्या माणसाचा आवाज इतका बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. पू हाडात गेला ते, ऑपरेशन, डॉक्टरांनी एक बोट वर करून जे सांगितलं ते, चष्म्याचं, आयुष्यभराच्या पेन्शनीचं. मला वाटत होतं मी त्याच्यासाठी चांगली बातमी घेऊन आलोय. त्याची पेन्शन तर कधीचीच कायम झाली होती आणि तरी पुन्हा बोलावतील, पाय बरा दिसला तर पेन्शन कापतील, या धाकाने त्याने कुठल्याही सरकारी डॉक्टरला तो पाय दाखवला नव्हता. हे त्याने मला एकदा सांगितलं होतं.

"चल माझ्यावांगडा," मी म्हटलं. "मी नेतंय तुका. ते लोक चांगले आसत."

तो तळ्याकडे बघत होता. मग पायावरची पट्टी हाताने चाचपली.

"म्हणजे ह्यो पाय मी फुकट कुजवलंय?"

"मी तसा म्हणणंय नाय."

"मगे काय म्हणतस?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने ठेवू दिला, पण वळून बघितलं नाही. पुतण्याच्या बायकोने चहा आणून दिला. तो त्याने घेतला नाही.

"तू जा आता," तो म्हणाला. "शेवटची बस चुकात."

बसला अजून पुष्कळ वेळ होता. मी उठलो.

त्यानंतर कॅन्टीनच्या गाडीला तो आला नाही. मी दर महिन्याला जात राहिलो. पुढे एका माणसाकडून कळलं की पुतण्याने त्याला उचलूनच घाटावर नेलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागला, पण आता तब्येत चांगली आहे, जखमेचा ताप नाही, अंग भरलंय. एकदा मला तो लांबून दिसला, कुबड्या घेऊन रांगेत. मी हात केला. त्यानेही केला. सामान घेऊन तो पुतण्याबरोबर रिक्षात बसून गेला. पुन्हा आम्ही बोललो नाही. मी त्याला दोष देत नाही आणि त्याने मला दिला असेल असंही मला वाटत नाही. पण समोर बसून, चेहरा उजेडात धरून माझ्याशी कुणी बोलायचं, ते मात्र संपलं.

आता मी स्वतःच्या कानाच्या बाबतीत अगदी नियमाने वागायला लागलो. ठरलेल्या वेळी घाटावर जाऊन कान साफ करून घ्यायचो. कधी कधी काही होत नसतानाही जायचो. तिथे वॉर्डात ओळखी झाल्या होत्या, बाकावर बसलं की शेजारचा आपणहून विचारायचा, कौनसी यूनिट? तेवढ्यासाठी एसटीतले हाल सोसवायचे. त्या तरण्या डॉक्टरांनी एकदा कान बघून सांगितलं, "एवढ्या लवकर यायची गरज नाही तुम्हाला." मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. त्यांनी काही न बोलता कान बघितला.

त्याच बाकावर मला कुणीतरी सांगितलं की पेन्शनरच्या बायकोलाही तिथे दाखवता येतं. मला इतक्या वर्षांत ते ठाऊक नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, बघू. काही दिवसांनी आपणहून म्हणाली, "पुढल्या खेपेक मी येतंय तुमच्यावांगडा." कशासाठी ते तिने सांगितलं नाही. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

बायकांच्या तपासणीच्या खोलीत केरळकडची सिस्टर होती. तिला मराठी येत नव्हतं, बायकोला हिंदी येत नव्हतं. मग मलाच आत बोलावलं. सिस्टर हिंदीत विचारायची, मी मालवणीत विचारायचो, बायको सांगायची आणि मी हिंदी करून द्यायचो. मशीन पूर्ण मोठं करून मी दोघींच्या मधे उभा होतो.

तिच्या पोटात दुखत होतं. अंगावरून जात होतं, पाळीच्या वेळी आणि मधेही. उभं राहिलं की कंबर धरायची.

"कब से?" सिस्टरने विचारलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली पाच-सहा वर्सां."

मी ते हिंदीत सांगितलं. सिस्टरने माझ्याकडे बघितलं. "घर में बताया नहीं?"

मी बायकोला विचारलं, "घरात सांगलंस नाय?"

ती टेबलावरच्या पांढऱ्या ट्रेकडे बघत होती. तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, जसं आधीचं सांगितलं होतं तसंच. "सांगलेलंय. दोन खेपे. तुमका आयकाक येवक नाय."

सिस्टर थांबली होती. मी तिला म्हटलं, "बताया था."

तिने ते लिहून घेतलं.

पोटात गाठ होती. ती काढली. गाठ साधी निघाली. बायको इस्पितळात होती तितके दिवस मी बाहेरच्या व्हरांड्यात राहिलो आणि बहुतेक वेळ कुणाशी बोललो नाही, कुणी यूनिट विचारली तरी. तिच्या अंगात रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. त्या ती वेळच्या वेळी घेते की नाही ते मी बघत असे, आणि ती घेत असे.

परत येताना वाटेत गाडीचा एवढा आवाज होता की मशीनमधून तेवढाच ऐकू येत होता. मी ते बंद केलं. ती खिडकीशी बसली होती. थोड्या वेळाने मला दिसलं की तिचे ओठ हलताहेत. ती बाहेर बघत बोलत होती, तोंड अर्धंच दिसत होतं, त्यामुळे मला थोडंथोडंच लागत होतं. भावाची बायको, कुणाचं तरी लग्न, मुलीच्या शाळेचं काहीतरी. मी तिला थांबवलं नाही. आंबोलीला गाडी उभी राहिली, इंजिन बंद झालं, तेव्हा मी मशीन लावलं आणि म्हटलं, "परत सांग."

"काय?"

"सगळा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पदर नीट केला, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आधी चाय सांगा."